दर महिन्याची पुडी

१२ जानेवारी

ताई,

अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी हात जोडतो, मग बाकीचं. अक्षर ओळखलं नसशील तर खाली सही बघ. त्या नावाने हाक मारणारं आता जगात तूच एक उरली आहेस, आणि तू तर हाक मारत नाहीस.

पुडी मिळाली. गेल्या आठवड्यात मिळाली, गेल्या महिन्यात मिळाली, त्याच्या आधीच्या महिन्यातही मिळाली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपकिरी कागदातली ज्येष्ठमधाची पुडी येते. वर तुझ्या हातचा पत्ता, आत ना चिठ्ठी ना चपाटी. आणि मी अकरा वर्षांत एकदाही "मिळाली गं" म्हणून कळवलं नाही. आज कळवतो. मिळाली. मनापासून आभार.

आजच का, असं विचारशील. मला बीपी आहे. ते तर हल्ली कुणालाही असतं, पण माझं औषधांना भीक घालत नाही. एका गोळीने सुरुवात झाली, आता चार आहेत, तरी यंत्र एकशे नव्वदच्या खाली यायचं नाव घेत नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि किडनीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी रिपोर्ट बघितला आणि सरळ सांगितलं, "तुमच्या किडन्या शंभरातलं एक्केचाळीस काम करतात. बीपी असंच राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत मशीनवर जाल. गेलेलं परत येत नाही, आहे ते वाचवायचं." गोड बोलायची सवय नाही बाईंना. मला आवडल्या.

घरी आलो आणि पलंगावर बसून आभार मानायचे राहून गेलेल्यांची आठवण काढली. पहिली तूच आठवलीस. फळबाजारात पहाटे पाचपासून लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा घसा पन्नाशीत बसतो. माझ्याबरोबरचे तिघे बसलेल्या घशाने घरी गेले. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी अजून "एकवार, दोनवार" म्हणतो तर शेवटच्या गाळ्यातले हमाल मान वर करून बघतात. ते तुझ्या पुडीमुळे. काडी गालात धरायची आणि पुकारायचं.

कपाटाचा विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

भोंगा


३ फेब्रुवारी

ताई,

पुन्हा पुडी आली, पुन्हा चिठ्ठी नाही. बरं. तू तुझा हट्ट सांभाळ, मी माझं लिहितो.

आमच्या घरात सध्या मिठावरून युद्ध चालू आहे. बाईंनी मीठ तोडायला सांगितलं आणि तुझ्या भावजयीने ते वाक्य अंगाला लावून घेतलं. मिठाचा डबा कुठे लपवलाय ते तिलाच ठाऊक. आमटी खाल्ली काय आणि गरम पाणी प्यालो काय, सारखंच. तरी आकडा हलत नाही, म्हणून तिला वाटतं मी बाहेर चोरून खातो. परवा माझा शर्ट हुंगत होती! म्हटलं, अगं, लोकांच्या बायका दुसऱ्या कारणाने शर्ट हुंगतात. हसली नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली, ते मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. सत्तावीस वर्षांत मी तिला नीट आभार म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. तर म्हणाली, "असं बोलू नका, मला भीती वाटते."

खरं सांगू? भीती मलाही वाटते. पाय संध्याकाळी इतके सुजतात की मोज्याची खूण सकाळपर्यंत राहते. पोटऱ्यांत गोळे येतात. गेल्या मंगळवारी संत्र्यांच्या पेट्यांचा लिलाव चालू होता, तिसऱ्या वाराला हात उचलला आणि हातोडा सुटून खाली पडला. बोटांत जीवच नव्हता. व्यापारी हसले. आमचा म्हातारा हमाल हसला नाही, त्याने हातोडा उचलून दिला आणि उरलेला सकाळभर माझ्या मागे स्टूल धरून उभा राहिला. पाठीवर पेट्या वाहणारा माणूस, त्याने माझ्यासाठी स्टूल वाहिलं. अशी माणसं मला मिळाली, ताई.

नवा रिपोर्ट अडतीस आला. एक्केचाळीसचे अडतीस. बाई म्हणाल्या, "काहीतरी मला दिसत नाहीये." पोटॅशियम की काय ते फार उतरलंय म्हणे. किडनी बिघडली की ते चढायला हवं, तुमचं उलटं कसं, म्हणून त्या कपाळाला आठ्या घालून बसल्या.

आवाज तेवढा शाबूत आहे. अंगात ताकद नसली की पुकारायला जोर लागतो, म्हणून हल्ली दिवसाला पाच-सहा काड्या चघळतो. मागची पुडी पंधरा दिवसांतच संपली. तुझे उपकार आहेत.

भोंगा


२० फेब्रुवारी

ताई,

घाईत आहे, दोनच ओळी. तब्येत जरा बरी आहे. घसाही ठणठणीत आहे. तेव्हा पुढच्या महिन्यापासून पुडी पाठवायची तसदी घेऊ नकोस. तुझंही वय झालं, पोस्टापर्यंत हेलपाटे कशाला घालायचे? इथेही चांगला ज्येष्ठमध मिळतो.

राग मानू नकोस.

भोंगा


६ मार्च

ताई,

मी "पाठवू नकोस" म्हटलं आणि तू दुप्पट पाठवलीस. आधीच्या पत्रातलं "पंधरा दिवसांत संपते" तेवढं मनावर घेतलंस आणि नंतरच्या पत्राला विचारलंही नाहीस. अगदी तूच ती.

ती पुडी समोर ठेवून दोन दिवस बसलोय. आता खोटं बोलवत नाही. गेल्या पत्रातलं "घसा ठणठणीत" तेवढं खरं, बाकी थापा. नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस.

सतरा फेब्रुवारीला बाईंकडे गेलो होतो. त्यांनी बजावलं होतं, घरातलं तोंडात जाणारं प्रत्येक औषध पिशवीत घालून आणा. मी नेलं. गोळ्या, खोकल्याचं, पोटाचं, डोकेदुखीचं, सगळं टेबलावर मांडलं. बाईंनी एकेक पाहिलं आणि मान हलवली. मग नर्स बीपी घ्यायला आली. ती नेहमी म्हणते, "काका, पाच मिनिटं गप्प बसा, बोललं की आकडा चढतो." आणि मला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. माझी युक्ती ठरलेली. गालात काडी सरकवायची, म्हणजे तोंड गुंतून राहतं. तशी सरकवली. नर्सने पट्टा गुंडाळला, माझ्या गालाकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तोंडात काय आहे?"

"काही नाही, ज्येष्ठमध."

आतल्या टेबलावरून बाईंचं पेन खाली पडलं. खरंच पडलं. "किती खाता?" म्हटलं, पाच-सहा काड्या. "कधीपासून?" म्हटलं, अकरा वर्षं, पण पूर्वी दोन-तीन, गेल्या वर्षभरात वाढल्या. "आणि हे पिशवीत का नाही आणलं?"

काय सांगणार? ते माझ्या लेखी औषध नव्हतं, खाणंही नव्हतं. माझ्या लेखी ती तू होतीस. बहिणीला कोण पिशवीत घालून डॉक्टरकडे नेतं?

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. ज्येष्ठमध दोन-चार दिवस घशाला घेतला तर ठीक. रोज एवढा घेतला की त्यातला गोड अंश शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतो आणि पोटॅशियम बाहेर ढकलतो. म्हणून पाय सुजतात, म्हणून हातातली ताकद गेली, म्हणून चार गोळ्या हरल्या. आणि चढलेल्या बीपीने किडन्या खाल्ल्या. तुझी भावजय शेजारी बसली होती. तिला पहिल्यांदा काय सुचलं असेल? म्हणाली, "म्हणजे मी महिनाभर अळणी रांधलं ते उगाच?" बाई म्हणाल्या, उगाच नाही, तेही चालूच ठेवायचं. तिचा चेहरा बघायला हवा होता!

त्या दिवशी काडी थुंकली ती थुंकलीच. सतरा दिवस झाले. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, माझं धाबं दणाणलं. मग पाय उतरले. मग आकडा एकशे सत्तर, एकशे अठ्ठावन्न. काल एकशे सेहेचाळीस, आणि एक गोळी बंद. किडनीचं इतक्यात कळणार नाही, दोन महिन्यांनी बघू म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, खाली जाणं थांबलं का, एवढंच बघायचं.

मग तुझ्यापासून का लपवलं? कारण तुझ्या-माझ्यात ती एक पुडीच होती. ती नको म्हटली की काय उरतं? आणि खरं कारण सांगितलं तर तू मनाला लावून घेशील, हेही माहीत होतं. बाबांच्या काष्ठौषधींच्या दुकानात तीस वर्षं पुड्या बांधलेली बाई तू. तुझ्या हातच्या पुडीने भाऊ आजारी पडला, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? तुझी भावजय म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते." तिचं अक्षर तुला लागत नाही, म्हणून मीच सांगतो.

तुझा काडीचाही दोष नाही. तू घशासाठी पाठवलंस. गाढवासारखं दिवसभर चरत राहिलो तो मी. आणि का चरत राहिलो तेही ऐक. काडी गालात असली की वाटायचं, ताईने अजून पुरतं टाकलेलं नाही.

आता ते कपाट. काढतोच विषय.

बाबांना जाऊन महिना झाला होता. दुकान मोडायचं ठरलं. शंभर खणांचं ते कपाट, प्रत्येक खणावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. तू म्हणालीस, हे माझं, याला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. मग माणसं जमली, तराजू गेले, बरण्या गेल्या, खलबत्ते गेले, आणि मी रंगात आलो. थट्टेत कपाटावर थाप मारली, "आणि या राजाला काय देता?" थट्टाच होती, देवाशप्पथ. पण एका हॉटेलवाल्याने बोली केली, दुसऱ्याने वर नेली, आणि बोली चढायला लागली की माझ्या अंगात येतं. तीनवार म्हणालो आणि हातोडा आपटला.

तू दारात उभी होतीस. एवढंच म्हणालीस, "भोंग्या, परत घे." त्या हॉटेलवाल्याला "चूक झाली" म्हटलं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण पन्नास माणसांसमोर माझी मान ताठ झाली. म्हणालो, "हातोडा पडला की बाप आला तरी फिरत नाही." बाप येणार नव्हता हे मलाही माहीत होतं आणि तुलाही.

मला माफ कर, ताई. अकरा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

या पत्राला उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही. दोन ओळी तरी लिही.

भोंगा


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. तुझी भावजय दारातूनच ओरडली, "आलं, आलं!" जसं काही घरात बारसंच आहे. वाचून दाखवताना माझा आवाज दोनदा गेला. अख्खा बाजार ज्या आवाजाला टरकतो तो.

तुझी वाक्यं मी इथे पुन्हा लिहितो, कारण लिहिली की नीट डोक्यात जातात. "कपाटाचा राग तीन महिने होता. नाहीतरी त्याच्या मागच्या फळीला वाळवी लागलेली, ते तुला कुठे माहीत? उरलेली दहा वर्षं नऊ महिने राग होता तो तू आला नाहीस याचा." वाळवीचं वाचून आम्ही दोघं हसत सुटलो. त्या हॉटेलवाल्याची मला आता दया येते.

आणि हे, "ज्येष्ठमध जास्त झाला की काय होतं ते मला बाबांनी शिकवलं होतं. पायांना सूज असलेल्याला तो द्यायचा नाही, हेही. तू पाय सुजल्याचं लिहिलंस, मी ते वाचलं, आणि रागाच्या भरात एवढंच पाहिलं की पुडी पुरत नाही. ही माझी चूक, ती तुझ्या अंगावर घेऊ नकोस. आणि घसा हे निमित्त होतं रे. रजिस्टर पार्सलची पोहोचपावती परत येते, तीवर तुझी सही असते. दर महिन्याला ती सही बघायची. सही आहे म्हणजे भाऊ आहे. गेल्या वर्षापासून तुझी सही थरथरायला लागली होती. मी पाहत होते. तरी विचारलं नाही."

ताई, मी काडीसाठी सही करत होतो आणि तू सहीसाठी काडी पाठवत होतीस. आपण दोघं एकाच आईची मुलं यात शंकाच नाही.

चुकीचं म्हणशील तर तुझी चिमूटभर, माझी पोतंभर. तो हिशेब आता पुरे.

तुझी आज्ञा मान्य. रोज सकाळी बीपी घेतलं की तुला फोन करायचा आणि आकडा सांगायचा. "दुसरं काही बोलता येत नसेल तर बोलू नकोस" असं तूच लिहिलंयस, ते बरं केलंस. आज पहिला केला. मी म्हणालो, "एकशे अडतीस." तू म्हणालीस, "हं." आणि ठेवलास. फोन ठेवून मी बराच वेळ उगाचच खूश होतो.

भोंगा


१८ मे

ताई,

तू काल गेलीस आणि आज लिहायला बसलोय. तू इथे होतीस तेव्हा नुसताच "चहा घेतेस का, चहा घेतेस का" करत राहिलो. म्हणून आता लिहितो.

गेल्या गुरुवारी यंत्राचे सेल संपले. पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, काहीच नाही. आता आकडाच नाही तर फोन करून काय सांगणार? असा विचार करून मी फोन केलाच नाही. आणि त्याच गडबडीत फोन घरी विसरून बाजारात गेलो. तुझी भावजय तिच्या बहिणीकडे. मी आपला आंब्याच्या पेट्या पुकारतोय, आणि तू तिकडे सतरा वेळा फोन लावतेयस.

दुपारी चार वाजता मी घरात पाऊल टाकतोय, तोच दार वाजलं. सहा तासांचा प्रवास करून तू दारात उभी. केस पांढरे झालेत तुझे, ताई. मला कुणी सांगितलंच नव्हतं. खांद्याला पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तू "कसा आहेस" म्हणाली नाहीस, आत येऊ का म्हणाली नाहीस. म्हणालीस, "आकडा?"

"सेल संपले होते," मी म्हटलं.

"सेल संपले होते! मी इकडे तिरडीचा विचार करत आलेय आणि सेल संपले होते!" शेजारचे दोघे बाहेर आले. भोंगा तू मला म्हणतेस, पण आवाज घरात कुणाकडून आला ते त्यांना कळलं. मग तू कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणलेस, मला खुर्चीत बसवलंस, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळलास. "गप्प बस," म्हणालीस. मी गप्प बसलो. गालात काही नव्हतं, तरी बसलो. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती, बाबा नाडी बघायचे तशी, आणि मला रडू आवरेना. तूही रडत होतीस, पण यंत्राकडे बघत, म्हणजे मला दिसू नये. एकशे बहात्तर आला. तुझ्या तोंडचं पाणी पळालं. तासाभराने पुन्हा घेतला तेव्हा एकशे चौतीस, मग कुठे चपला काढून जेवायला बसलीस.

आता सकाळचं सांगतो. बाईंकडे गेलो होतो. नवा रिपोर्ट चाळीस. बाई म्हणाल्या, "अडतीसचे चाळीस म्हणजे सुधारलं असं समजू नका. खाली जाणं थांबलंय, हे मात्र नक्की. गोळ्या दोनच ठेवू. असंच बीपी सांभाळलंत तर उरलेल्या किडन्यांवर आरामात म्हातारे व्हाल." मी उठून त्यांना नमस्कार केला, नर्सलाही केला. बाहेर बसलेल्या दोघा अनोळखी माणसांनाही केला. जीव भांड्यात पडला की माणूस असंच काहीतरी करतो.

मग बाईंनी माझी रोजच्या आकड्यांची वही उघडली. तू गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने लिहिलंस ते पान. सगळे एकशे तीसच्या आसपास, मध्येच एकशे बहात्तर. बाईंनी पेन त्याच्यावर टेकवलं. "हे काय? त्या दिवशी काय खाल्लंत?"

म्हटलं, "काही नाही. बहीण आली."

"बरं, मग हा आकडा मी धरत नाही," बाई म्हणाल्या आणि खोडायला लागल्या.

मी वहीवर हात ठेवला. म्हटलं, बाई, हवं तर बाकीचे सगळे खोडा. तेवढा एक धरा.

भोंगा